मिनिएचर रंगवायचा स्टार्टर सेट: कोल्हापूरचा उन्हाळा, पावसाळा आणि थंडी बघून झाल्यावर

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायची गरज नाही. सेटमधल्या मिनी, म्हणजे टेबलावरच्या खेळातल्या छोट्या बाहुल्या, एक नंबर. रंग ठीक. ब्रश टाकून द्यायच्या लायकीचा. आणि ज्या वस्तूमुळे हा छंद माझ्या टेबलावर टिकला, ती त्या डब्यात नव्हतीच. ती म्हणजे वेट पॅलेट, रंग ओला ठेवणारा डबा.

सेट मार्चअखेरीस घेतला. म्हणजे कडक उन्हाळा, आपला तो संपता न संपणारा पाऊस आणि आता थंडी, असं सगळं त्याने बघितलंय. व्हिडिओंमध्ये हवेबद्दल फारसं कोणी बोलत नाही, पण कोल्हापुरात अर्धं काम हवाच ठरवते. कंपनीचं नाव घेत नाही, कारण जे दोष मला दिसले ते या किमतीच्या बऱ्याच सेटमध्ये असतात.

नवख्यांसाठी थोडक्यात. वॉरगेम म्हणजे टेबलावर मांडून, टेपने अंतर मोजत आणि फासे टाकत खेळायची लढाई. फँटसी प्रकारात ऑर्क म्हणजे राक्षस, सांगाडे, ड्वॉर्फ म्हणजे बुटके योद्धे, चिलखती सरदार असं सैन्य असतं. ते प्लॅस्टिकच्या फ्रेममध्ये सुटं येतं. कापायचं, चिकटवायचं, रंगवायचं. गेम्स वर्कशॉप ही १९७५ ची ब्रिटिश कंपनी, तिने १९८३ साली वॉरहॅमर बाजारात आणला आणि तिथून हे वेड जगभर पसरलं. आता मिनी बनवणाऱ्या कंपन्या ढीगभर आहेत आणि एकीच्या मिनीवर दुसरीचे रंग बिनदिक्कत चालतात.

मिनींची उंची साधारण २८ मिलिमीटर. डोकी आणि हात मुद्दाम जरा मोठे घडवलेले असतात, त्याला हिरोइक प्रमाण म्हणतात. नुसतं बघताना बेढब वाटतं, पण ब्रश हातात घेतल्यावर कळतं की नाक, बोटं, पट्ट्याचं बक्कल रंगवता येतं ते त्यामुळेच. माझ्या सेटमधल्या ऑर्कच्या कमरेला एक पिशवी आहे आणि त्या पिशवीच्या तोंडाला दोरीचा पीळसुद्धा कोरलाय. फ्रेममधून कापायला सेटमध्ये काही दिलेलं नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातला छोटा साइड कटर पुरतो. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे बारीक रेष राहते, ती ब्लेडच्या पाठीने खरवडायची. कंटाळा करू नका, रंग चढला की ती रेष दुप्पट उठून दिसते. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक सिमेंटच घ्या. ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. सुपरग्लूने चिकटवलेला हात मिनी पडली की निखळतो.

आता मुख्य मुद्दा. हे रंग अ‍ॅक्रिलिक असतात. त्यातलं पाणी उडालं की बाइंडरचे कण एकमेकांत मिसळून पातळ कातडं तयार होतं, आणि एकदा ते धरलं की पाणी घालून रंग परत येत नाही. एप्रिलमध्ये दुपारी पंखा चालू, प्लॅस्टिकच्या ताटलीत थेंबभर रंग काढलेला, आणि ऑर्कचा एक खांदा होईपर्यंत ताटलीतला रंग साय धरून बसलेला. पंखा बंद केला तर घाम मिनीवर. सेटमधल्या डब्या लहान आहेत, त्यामुळे असा वाया गेलेला थेंब न थेंब जीवाला लागतो.

वेट पॅलेट म्हणजे फार काही नाही. चपटा हवाबंद डबा, त्यात भिजवलेला पातळ स्पंज आणि त्यावर बेकिंगचा पार्चमेंट पेपर. स्पंजातलं पाणी कागदातून हळूहळू वर येत राहतं आणि वरचा रंग ओला राहतो. मी विकतची आणि घरची, दोन्ही वापरल्यात. विकतच्या पॅलेटचं झाकण घट्ट बसतं आणि कागद नीट पसरतो, एवढाच फरक. घरी करायची असेल तर कागद बघून घ्या. मेण लावलेला कागद चालत नाही, त्यातून पाणी वर येतच नाही. बटर पेपर म्हणून दुकानात वाट्टेल ते देतात, म्हणून आधी एक तुकडा ओल्या स्पंजावर ठेवून बघायचा. फुगून चपटा बसला तर घ्यायचा, कडा वळून वर आल्या तर त्यात लाडू गुंडाळायचे. स्पंज नुसता ओला नको, चांगला भिजलेला हवा, पण कागदावर पाणी तरंगता कामा नये. कागद मांडल्यावर खालचे बुडबुडे बोटाने कडेला ढकलून काढा.

याने काय बदललं? शनिवारी रात्री मिसळलेली कातड्याची छटा रविवारी सकाळी तशीच मिळते. सेटमधला स्किन कलर गुलाबी गोरा आहे. मला माझे भालेकरी आपल्याकडच्या वर्णाचे हवे होते, म्हणून तपकिरी, पिवळा आणि चिमूटभर लाल मिसळून छटा केली. पूर्वी असं मिश्रण दुसऱ्यांदा जुळायचं नाही. आता सगळी पलटण एका गावची दिसते.

रंग किती पातळ करायचा, यावर सगळे व्हिडिओवाले एकच सांगतात, दुधाइतका. आता कोल्हापूरकराला असं सांगून कसं चालेल? गंगावेशीत म्हैस समोर पिळून ग्लासात देतात ते धारोष्ण, की पिशवीतलं टोन्ड? माझं उत्तर टोन्ड. ग्लासाच्या कडेवरून ओघळताना मागे अगदी पातळ पांढुरका थर राहतो, तेवढा रंग हवा. धारोष्णाचा नाद केला तर चेहऱ्यावरचे बारकावे बुजतात. दोन पातळ थर वाळवून दिलेले एका जाड थरापेक्षा केव्हाही चांगले.

वेट पॅलेटच्या तक्रारीही आहेत. मेटॅलिक रंग त्यावर काढू नका. त्यातला चमकीचा चुरा पाण्याबरोबर पसरतो आणि शेजारच्या रंगात शिरतो. माझ्या एका सांगाड्याच्या बरगड्या अजून उन्हात लुकलुकतात. सोनेरी, चांदीचा रंग साध्या ताटलीत काढायचा. वॉश, म्हणजे खळग्यांत सावली भरायचा रंग, तोसुद्धा तिथेच, कारण तो आधीच पाण्यासारखा, कागदावर धावत सुटतो. आणि पावसाळा. जुलैत डबा चार दिवस बंद राहिला की झाकण उघडल्यावर कुबट वास आणि स्पंजाच्या कोपऱ्यात काळे ठिपके. तांबं बुरशीला वाढू देत नाही, म्हणून बाहेरदेशी लोक स्पंजाखाली तांब्याचं नाणं ठेवतात. सासूबाईंच्या डब्यात १९४५ चा भोकाचा पैसा होता, ब्राँझचा, म्हणजे बहुतांश तांबंच. मागितला तर म्हणाल्या, "बाहुल्यांच्या रंगात पैसा घालतीस? घाल बाई, एरवी तरी त्याला कोण विचारतंय." बुरशी पुष्कळ कमी झाली, पूर्ण गेली नाही. फिल्टरचं पाणी वापरणं आणि पंधरवड्याने स्पंज उकळून घेणं, हे त्याच्या जोडीला लागतंच.

पावसाळ्याचा दुसरा फटका प्रायमरला, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पायाच्या थराला. स्प्रे कॅनमधलं सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं बाष्प तिथे धरतं आणि रंगावर पांढुरकं धुकं चढतं. मॅट व्हार्निशला तर हे हमखास होतं, आणि ते शेवटी मारायचं असल्यामुळे सगळं झालेलं काम एका फवाऱ्यात राखेसारखं होतं. म्हणून जून ते सप्टेंबर स्प्रेला हात लावायचा नाही, ब्रशने लावायचा प्रायमर घ्यायचा. वाळायला रात्रभर द्या. त्याने बारकावे थोडे बुजतात हे खरं, पण धुक्यापेक्षा परवडलं. उरलेल्या महिन्यांत गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला राखाडी प्रायमर चालतो. मात्र आधी फ्रेमच्या उरलेल्या तुकड्यावर मारून बघा, जाड थर बसला तर काही प्रायमर प्लॅस्टिक खातात.

ब्रशबद्दल फार लिहीत नाही. सेटमधल्या सिंथेटिक ब्रशचं टोक आठवड्यात आकड्यासारखं वळलं. सिंथेटिकचा तो धर्मच आहे, पण इतक्या लवकर नाही. त्याने आता गोंद लावते. चांगला नंबर १ चा गोल ब्रश घ्या. तीन शून्यांच्या बारक्या ब्रशचा मोह नको, त्याच्या पोटात रंग मावत नाही आणि मिनीपर्यंत पोचेपर्यंत तो टोकावर वाळतो. बारीक रेघ टोकाने येते, ब्रशच्या जाडीने नाही. एक गोष्ट मात्र ठणकावून सांगते. कोणी "खास केसांचा, एकदम टोकदार" म्हणून बिनछापाचा स्वस्त ब्रश पुढे केला तर केस कसले ते विचारा. आपल्याकडे मुंगसाच्या केसांचे ब्रश चोरून विकले जातात. वन्यजीव कायद्याने त्यावर बंदी आहे, आणि २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाने देशभर छापे घातले होते. एका ऑर्कच्या भुवईसाठी मुंगूस मारायचं काही कारण नाही.

डोळ्यांचं प्रकरण वेगळं. २८ मिलिमीटरच्या मिनीचा डोळा म्हणजे टाचणीच्या टोकाएवढी जागा. व्हिडिओ पाहून जमेना, तेव्हा ऑगस्टमध्ये शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गेले. गणपतीच्या आधीचे दिवस, कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. डोळ्यांची आखणी करणारे एक काका होते, त्यांना खिशातला भालेकरी दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, मिनी डोळ्याजवळ धरली आणि म्हणाले, "आयला, ह्याला तर सोंड बी न्हाई. सोपं हाय की." मग कामाचं सांगितलं ते असं. दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवायची, म्हणजे हात हलले तरी दोन्ही एकदमच हलतात. करंगळी वस्तूवर टेकलेली हवी. आणि जो डोळा आपल्या हाताला अवघड तो आधी काढायचा, "सोपा डोळा मग त्याला जुळवून घेता येतो, उलटं न्हाई हुत."

घरी येऊन तसंच केलं. आधी खोबणीत काळा, त्यावर पांढरा लांबट ठिपका, कडेने काळी रेघ राहील असा. मग बुबुळ म्हणून गोल ठिपका न देता वरपासून खालपर्यंत उभी बारीक रेघ. बुबुळ वरच्या आणि खालच्या पापणीला टेकलं नाही तर शिपाई भूत बघितल्यासारखा दचकलेला दिसतो. शेवटी भोवतीचा कातड्याचा रंग आत ढकलत डोळा लहान करायचा. काकांच्या सल्ल्यानंतर माझे भालेकरी तिरळे राहिले नाहीत. जाता जाता, भिंग गुजरीतल्या सोनारांकडे असतं तसं डोळ्याला लावायचं घेऊ नका. त्याने एकच डोळा काम करतो आणि ब्रश कुठे टेकतोय त्याचा अंदाज चुकतो. डोक्याला बांधायचं, दोन्ही डोळ्यांचं भिंग बरं.

सेटमध्ये दोन बाटल्या एका थरात काम करणाऱ्या रंगाच्या आहेत. हा प्रकार २०१९ मध्ये गेम्स वर्कशॉपच्याच सिटाडेल छापाच्या कॉन्ट्रास्ट रंगांनी गाजवला, आता सगळेच बनवतात. फिकट प्रायमरवर लावला की खळग्यात गडद आणि उंचवट्यावर फिकट आपोआप बसतो. केस, फर, दोरखंड, हाडं यावर कमाल. सपाट ढालीवर मात्र डाग पडतात, तिथे साधाच रंग. सैन्य लवकर उभं करायचं असेल तर याला पर्याय नाही, पण रंगवण्याची मजा निम्मी होते असं माझं मत. मैत्रीण याच्या अगदी उलट म्हणते.

बेसची, म्हणजे मिनीच्या पायाखालच्या चकतीवर जमीन करायची, पाकिटं विकत घेऊ नका. चाळलेली वाळू फेविकॉलवर टाकली की झाली जमीन. माझ्या सैन्याच्या पायाखाली घरबांधणीसाठी कोकणातून येणाऱ्या जांभ्या चिऱ्याचा भुगा आहे. त्यावर काळपट वॉश आणि कडांवर कोरड्या ब्रशने फिकट गेरू. रंगवताना मिनी धरायला हँडल म्हणून दिलेली प्लॅस्टिकची कुपीही बाजूला ठेवली. उद्यमनगरात लेथ चालवणाऱ्या भावाने अ‍ॅल्युमिनियमचं एक फिरवून दिलं, वजनदार आहे आणि हात थरथरत नाही.

खेळायचं म्हणाल तर कोल्हापुरात गडी जमवायला त्रास होतो. मोठ्या लढाईला प्रत्येकी पन्नास-साठ मिनी लागतात, तेवढ्या रंगवून कधी व्हायच्या? त्यापेक्षा पाच ते दहा मिनींवर चालणाऱ्या चकमकीच्या खेळाचे नियम घ्या, त्यातले बरेच फुकट मिळतात. आम्ही तिघं राजारामपुरीत एकाच्या डायनिंग टेबलावर खेळतो. हाताळून हाताळून आधी भाल्यांची टोकं आणि तलवारींच्या धारा उघड्या पडतात, आणि भडंग खाऊन त्याच बोटांनी मिनी उचलल्या तर तेल बसतं ते वेगळंच. म्हणून आधी ग्लॉस व्हार्निशचा थर ब्रशने, टिकण्यासाठी, आणि त्यावर चमक घालवायला मॅट. तो दुसरा थर मी कोरड्या हवेसाठी राखून ठेवला होता. दिवाळीनंतर गच्चीवर सगळ्यांना एकदम दिला, आणि पुढच्या खेळात ड्वॉर्फ सरदार पहिल्याच फाशात गेला.