डिसॅबिलिटी पेन्शनचं अपील 'करून देणारे' भेटले तर

आमचे हे 2019 साली सैन्यातून हवालदार म्हणून रिटायर झाले. रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने, ब्लड प्रेशरची डिसॅबिलिटी 30 टक्के धरली, पण शेरा मारला की आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीत वाढलेलाही नाही. म्हणून डिसॅबिलिटी पेन्शनचा क्लेम नामंजूर. सहा महिन्यांत पहिलं अपील करता येईल, असं पत्रातच होतं.

तेवढ्यात ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या, रांगेत एक गृहस्थ भेटले. स्वतः माजी सैनिक, बोलणं गोड, शिवाय प्रयागराजच्या पेन्शन ऑफिसात 'आपला माणूस'. अपील जातं लष्करी मुख्यालयाच्या समितीपुढे, तिथे प्रयागराजचा माणूस काय डोंबल करणार! पंधरा हजार रोख, थकबाकीतले 25 टक्के देऊ असं लिहून, सहीचे दोन कोरे चेक आणि मूळ डिस्चार्ज बुक, एवढं त्याने नेलं. मग व्हॉट्सॲपवर स्पीड पोस्टची पावती आली. पुढे कधीही विचारा, उत्तर ठरलेलं: "फाईल वर गेलीय वहिनी, सरकारी काम आहे."

शेवटी लेकीने ती पावती मोठी करून पाहिली. वजन 18 ग्रॅम. बोर्डाची प्रोसिडिंग्ज, नामंजुरीचं पत्र, औषधोपचाराचे कागद, हा सगळा गठ्ठा 18 ग्रॅमचा? माहितीच्या अधिकारात रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे जवानांचे सर्व्हिसचे कागद ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाला, विचारलं, तर अपील आलेलंच नव्हतं. आला होता एकपानी अर्ज, 'केसची सद्यस्थिती कळवावी' एवढाच. तोवर मुदत केव्हाच टळली होती.

पहिल्या अपिलाला वकील लागत नाही. साध्या कागदावर लिहून रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, मदत मिळते. कोणी करून देतो म्हणालाच, तर पावती नको, अपिलाची पानन् पान प्रत मागा. आणि टक्केवारीचं म्हणाल, तर निकालावर ठरणारी फी बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलालासुद्धा मना आहे.

आता मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात उशीर माफीच्या अर्जासह केस टाकली आहे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर शंकेचा फायदा जवानाला, हा सुप्रीम कोर्टाचा 2013 चा धरमवीर सिंग निकाल आमचा आधार. पण थकबाकी साधारणपणे केस टाकण्याआधीच्या तीनच वर्षांची मिळते, मागची गेली. चेकचं पेमेंट बँकेत थांबवलंय. डिस्चार्ज बुक अजून त्याच्याकडेच आहे. पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय.