पेन्जिंग की बोन्साय?

बोन्साय म्हटलं की जपान आठवतो, पण मूळ चीनचं. चीनच्या तांग राजघराण्यातल्या झांगहुआई या राजपुत्राच्या ७०६ सालच्या थडग्यात एक भित्तिचित्र आहे. त्यात एक सेवक तबकात इवलाले दगड आणि रोपं घेऊन उभा आहे. हेच पेन्जिंग, म्हणजे तबकातला देखावा. त्यात झाड बऱ्याचदा एकटं नसतं. शेजारी खडकांचे डोंगर, पाणी, कधी होडीत बसलेला मातीचा इटुकला म्हातारा. अख्खा निसर्ग ताटात मावावा, ही हौस.

जपानने शब्दही चिनी ‘पेन्झाई’वरूनच घेतला, पण होड्या नि माणसं बहुतेक काढून टाकली. उरलं एक झाड, उथळ कुंडी आणि रिकामी जागा. खरं सांगायचं तर मला ती रिकामी जागाच जास्त आवडते. सोललेली, पांढरी पडलेली एखादी सुकी फांदी मुद्दाम ठेवतात. वादळं, वीज, म्हातारपण सगळं तिच्यातच दिसतं. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोचे माळी जवळच्या ओमियाला गेले आणि तिथे बोन्सायचं गावच वसलं.

करायला घ्याल तर मात्र चीनकडे बघा. आपला वड भराभर वाढतो. फांदीला वळण द्यायला गुंडाळलेली तार काही आठवडे विसरलात की सालीत रुतते नि वळ कायमचे राहतात. दक्षिण चीनच्या लिंगनान पद्धतीत भर कात्रीवर: फांदी वाढू द्यायची, छाटायची, नव्या फुटव्याला वळण द्यायचं, पुन्हा छाटायची.