काखेतीची अंबर वाईन: रांजणातली चव, बाटलीत बघताना

जॉर्जियाच्या काखेती प्रांतातली रकात्सितेली नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची अंबर वाईन पेल्यात ओतली की आधी रंग डोळ्यांत भरतो. कोऱ्या चहासारखा, उजेडाकडे धरला तर कडेला सोनेरी. वास सुकवलेल्या जर्दाळूचा, अक्रोडाच्या सालीचा, मागे थोडा मधाचा. पहिल्याच घोटाला हिरड्या आवळून येतात. व्हाइट वाईन समजून बाटली घेणारे इथेच नाराज होतात, पण ही त्या जातीची वाईनच नाही.

तुरटपणा येतो तो क्वेव्रीतून. क्वेव्री म्हणजे तोंडापर्यंत जमिनीत पुरलेला, तळाशी निमुळता मातीचा रांजण. आतून मधमाश्यांचं गरम मेण फिरवलेलं असतं. काखेतीत रसासोबत सालं, बिया आणि पिकलेले देठही त्यात जातात, तुरटपणा त्यांचाच. या चोथ्याला तिथे ‘चाचा’ म्हणतात. आंबताना चोथा वर येतो, तो दिवसातून तीन-चार वेळा दांड्याने खाली दाबावा लागतो. हयगय झाली की वरचा थर कोरडा पडतो आणि वाईन शिरक्याच्या वाटेला लागते. आंबणं संपून चोथा खाली बसला की रांजण काठोकाठ भरायचा, झाकण मातीने लिंपायचं आणि पाच-सहा महिने हात लावायचा नाही. बिया निमुळत्या तळाशी आधी बसतात, त्यांच्यावर गाळ साचतो. त्यामुळे एवढा काळ राहूनही त्यांचा कडवटपणा वाईनमध्ये फारसा उतरत नाही. हा आकार म्हणजे नुसती परंपरा नव्हे, अतिशय हुशार रचना आहे.

अवघड काम रिकाम्या रांजणाचं. चेरीच्या सालीच्या ब्रशने घासायचं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचं, मग गंधकाची धुरी द्यायची. कुठे जुना गाळ राहिला तर पुढच्या हंगामाची सगळी वाईन बिघडते.

जॉर्जियात वाईन होत असल्याचा इसवी सनापूर्वी सुमारे 6000 सालचा पुरावा मडक्यांच्या खापरांत सापडला आहे. तो मात्र काखेतीतला नाही, शेजारच्या क्वेमो कार्तलीतला. क्वेव्रीची पद्धत 2013 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. मधल्या सोव्हिएत काळात कारखान्यांनी जास्तीत जास्त उत्पादनावर भर दिला आणि रांजण घरगुती मारानीत, म्हणजे वाईनच्या कोठारात, टिकून राहिले. 2006 मध्ये रशियाने आयात बंद केल्यावर इतर देशांतली गिऱ्हाइकं शोधणं भाग पडलं. आज जगभर मिळणाऱ्या बाटल्यांमागे ती अडचणही आहे.

खरेदी करताना नुसतं ‘काखेती’ बघून फसू नका. देशातल्या बहुतेक द्राक्षबागा अलाझानी खोऱ्याच्या या प्रांतातच आहेत आणि तिथली पुष्कळ वाईन स्टीलच्या टाक्यांत होते. बाटलीवर ‘क्वेव्री’ शब्द हवा. चोथ्यासोबत किती महिने राहिली हेही लिहिलं असेल तर उत्तमच. तुरटपणा झेपणार नाही असं वाटत असेल तर पश्चिमेकडच्या इमेरेतीची बाटली घ्या. तिथे चोथा थोडाच घालतात. किसी द्राक्षाची वाईन रकात्सितेलीपेक्षा जास्त सुगंधी असते आणि आमच्या मते नवख्याला लवकर पटते. सापेरावी ही लाल, गरालाही रंग असलेली जात. तिच्या नावाचा अर्थच रंग देणारी.

फ्रिजमधून काढून लगेच ओतू नका, थंडीत तुरटपणा बोचरा होतो. 12 ते 15 अंश सेल्सिअस ठीक. बाटली आदल्या दिवशी उभी ठेवा, गाळ तळाला बसेल. पिण्याआधी अर्धा तास मोठ्या भांड्यात मोकळी ठेवा. तळाचा गाळ किंवा थोडा गढूळपणा दोष नाही. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झणझणीत वास येत असेल तर आहे. दुसरा दोष नाकाला कळतच नाही: गिळल्यावर काही सेकंदांनी जिभेच्या मागे उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव उमटते. ती हवेत ठेवून जात नाही, बाटली परत करावी.

सोबत अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, म्हणजे बद्रिजानी, किंवा भाजलेलं मांस, म्त्स्वादी. तुरटपणाला तेल आणि चरबी लागते, नुसत्या सॅलडसोबत ती कोरडी वाटते. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस सहज टिकते, आणि दुसऱ्या दिवशी बहुधा जास्त चांगली लागते.