‘राइट ऑफ स्प्रिंग’ ऐकायचंय, पण कोणाचं?

रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीची ही रचना तेहेतीस-चौतीस मिनिटांची, आणि तिची रेकॉर्डिंग्ज शंभरावर. ॲपवर नाव टाकलं की यादी सरता सरत नाही. त्यातलं पहिलंच लावावं तर चुकीच्या दारातून आत शिरण्याचा धोका आहे. म्हणून नेहमी शिफारस होणारी काही रेकॉर्डिंग्ज इथे शेजारीशेजारी ठेवली आहेत. माझा पक्ष आधीच सांगून टाकतो. हे नाचासाठी लिहिलेलं संगीत आहे. गेल्या साठ-सत्तर वर्षांत वाद्यवृंदांनी त्याचा आखाडा केला. कोणाचा आवाज मोठा, कोणाचा ब्रास (पितळी वाद्यं) तगडा, अशी चढाओढ. मला आधी हे बघायचं असतं की या लयीवर कोणाला पाऊल टाकता येईल का.

पहिला प्रयोग 29 मे 1913 रोजी पॅरिसच्या शांझेलिझे थिएटरात झाला. दियागिलेव्हची बॅले कंपनी, निजिन्स्कीचं नृत्यदिग्दर्शन. नेपथ्य आणि वेशभूषा चित्रकार निकोलस रोरिक यांची. हे तेच रोरिक, जे पुढे कुलू खोऱ्यात नग्गरला राहिले आणि 1947 साली तिथेच वारले. प्रेक्षकांत इतका गोंधळ माजला की नर्तकांना वाद्यवृंद ऐकू येईना, तेव्हा निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून मात्रा ओरडत होता. खाली कंडक्टर पिएर माँतो शांतपणे शेवटपर्यंत वाजवून घेत राहिला.

तुलना करायला एक जागा पुरते. सुरुवातीचा बासून (लांब लाकडी फुंकवाद्य) आणि त्याभोवतीची वाद्यांची गर्दी संपली की तंतुवाद्यं एकच कर्कश स्वरसंघात (एकदम वाजणारे अनेक स्वर) सारख्या लयीत ठोकू लागतात. पहिल्या आवर्तनात 32 ठोके आहेत. ते बोटांवर मोजा. आठ हॉर्न जोर देतात तो दहाव्या, बाराव्या, अठराव्या, एकविसाव्या, पंचविसाव्या आणि तिसाव्या ठोक्यावर. तबल्यावर वाढलेला आपला कान समेची वाट बघत बसतो आणि सम काही येत नाही. वाद्यवृंद कसा आहे ते या आठ-दहा सेकंदांत कळतं. बिनजोराचे ठोके एकसारखे पडले, तरच जोराचे अंगावर येतात. सगळंच दणदणीत वाजलं तर तो नुसता गोंगाट.

स्ट्राविन्स्कीने स्वतः 1960 साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया सिंफनी या स्टुडिओ वाद्यवृंदाकडून हे वाजवून घेतलं. तो काही मोठा कंडक्टर नव्हता आणि ते लपतही नाही. एकदोन ठिकाणी वादक एकमेकांना धरून नेताहेत असं वाटतं. पण चाल बघा. कुठे रेंगाळणं नाही, कुठे भव्यतेचा आव नाही, ठोके कोरडे आणि आखूड. खाली येणाऱ्या बुलेझच्या रेकॉर्डिंगपेक्षा तो दोनतीन मिनिटं आधी संपवतो, आणि हा फरक घाईचा नाही, फापटपसारा नसण्याचा आहे. नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत शेवटचं बलिनृत्य (निवडलेली कुमारिका नाचत नाचत मरते तो भाग) आहे ते याच रेकॉर्डिंगमधलं. नाचाच्या बाजूने बघणाऱ्याला माझी पहिली शिफारस हीच.

पिएर बुलेझ आणि क्लीव्हलँड वाद्यवृंद, 1969. बुलेझ स्वतः संगीतकार. या रचनेच्या लयीची त्याने कागदावर चिरफाड केली होती, आणि ऐकताना ते जाणवतं. जिथे पाच-सहा वाद्यं एकमेकांवर चढलेली असतात तिथेही प्रत्येकाची ओळ सुटी ऐकू येते. दुसऱ्या भागात, कुमारिका निवडली जाते त्या क्षणी, अकरा ठोके सलग येतात: तंतुवाद्यं, टिंपनी (नगाऱ्यासारखी वाद्यं) आणि बास ड्रम एकत्र. बऱ्याच ठिकाणी तिथे धुरळा उडतो. बुलेझकडे अकराही ठोके मोजून घ्यावेत इतके स्वच्छ. रचना समजून घ्यायची असेल, हातात स्कोर (छापील स्वरलेखन) असेल, तर याला तोड नाही. माझी कुरबुर एवढीच की बलिनृत्यात मुलगी मरणाच्या दारात असताना कंडक्टरची नाडी जरासुद्धा वाढत नाही. त्याच वाद्यवृंदाबरोबर बुलेझने 1991 साली पुन्हा रेकॉर्डिंग केलं. आवाज जास्त गोल, धार कमी. दोन्हींत निवडायचं तर जुनंच घ्या.

आता माँतो. ज्याने पहिला प्रयोग वाजवला त्याचंच का घेऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. त्याची चार स्टुडिओ रेकॉर्डिंग्ज आहेत: 1929 पॅरिस, 1945 सॅन फ्रान्सिस्को, 1951 बॉस्टन आणि 1956 पुन्हा पॅरिस. यातलं शेवटचं तेवढं स्टीरिओ, म्हणून लोक तेच उचलतात. पण वादन ढिलं आहे, अवघड वळणांवर वादक एकत्र येत नाहीत. बॉस्टनचं मोनो असूनही कितीतरी घट्ट. पंचाहत्तरीतला माणूस, अजिबात आरडाओरडा नाही, आणि लय एखाद्या जुन्या नाचाच्या मास्तरने धरावी तशी. गंमत म्हणजे माँतोला ही रचना मनापासून कधीच आवडली नव्हती. कदाचित म्हणूनच तो तिच्यात स्वतःचं काही घुसवत नाही. मात्र मोनोची सवय नसेल तर हे दुसरं किंवा तिसरं ऐका.

कंडक्टर फ्रांस्वा-झाव्हिए रोथ आणि ले सिएक्ल हा फ्रेंच वाद्यवृंद यांचं 2013 चं रेकॉर्डिंग वेगळ्या वाटेचं आहे. त्या काळची फ्रेंच वाद्यं, आतड्याच्या तारा, 1913 साली वाजलं त्याच्या जवळ जाणारी संहिता. फरक पहिल्याच स्वराला कळतो. आजच्या वाद्यवृंदांतला जर्मन बासून त्या उंच पट्टीतही गुळगुळीत वाजतो; फ्रेंच बासूनचा आवाज बारीक, नाकातला, थोडा चिरकणारा. ती जागा अवघड वाटायला हवी, आणि इथे ती वाटते. ब्रासची नळी अरुंद असल्याने दणका कमी आणि रंग जास्त. मोठ्या आवाजाची चटक लागलेल्यांना हे किरकोळ वाटेल. मला स्ट्राविन्स्कीच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगनंतर पायाखालची जमीन इथेच जाणवली.

दणकाच हवा असेल तर आपल्या मुंबईचे झुबिन मेहता आहेत. लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबरचं 1969 चं, डेक्का या रेकॉर्ड कंपनीचं. तेव्हा मेहता तेहेतीस वर्षांचे, वाद्यवृंद तापलेला, आणि डेक्काच्या ध्वनिमुद्रकांनी ढोल जवळजवळ मांडीवर आणून ठेवलेत. बारकावे शोधू नका. मुलाला किंवा मित्राला पहिल्यांदा ऐकवायचं असेल तर मी हेच लावीन. याच वाद्यवृंदाचं कंडक्टर सलोनेनने केलेलं 2006 चं रेकॉर्डिंग वॉल्ट डिस्ने कॉन्सर्ट हॉलमधलं. घरी चांगले स्पीकर असतील तर बास ड्रमसाठी ते जरूर. फोनच्या स्पीकरवर त्याचा निम्मा जीव जातो. बर्नस्टाइनचं 1958 चं न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचंही याच घरातलं: रांगडं, घामाघूम, थोडं नाटकी.

कंडक्टर कारायान आणि बर्लिन फिलहार्मोनिकचं साठीच्या दशकातलं खूप खपलं. वादन अप्रतिम, आवाज रेशमी. स्ट्राविन्स्की त्यावर जाहीरपणे वैतागला होता आणि मी त्याच्याच बाजूचा.

खर्च करण्याआधी एक व्यवहाराची गोष्ट. ही रचना ॲपवर चौदाएक तुकड्यांत मिळते आणि बरेच भाग न थांबता एकमेकांत शिरतात. फुकटच्या खात्यावर मधेच साबणाची जाहिरात घुसते, किंवा दोन तुकड्यांमध्ये क्षणभर शांतता येते, आणि लयीचा सगळा बांध फुटतो. सेटिंगमध्ये गॅपलेस (तुकडे खंड न पडता वाजवणं) चालू आहे का बघा, शफल बंद करा. आणि सुरुवातीचा बासून नीट ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका. ठोके सुरू व्हायला तीनएक मिनिटंच असतात.