पाच वर्षं मोजायची कुठून? मांद्र्यातल्या भाडेपट्ट्यात झालेली फसवणूक

गोव्यात धंद्यासाठी जागा भाड्याने घेतली असेल आणि 'मुदत संपल्यावर आणखी पाच वर्षं वाढवून घेण्याचा हक्क भाडेकरूचा' असं कलम करारात असेल, तर कपाटातलं लीज डीड काढा आणि मुदत कुठल्या तारखेपासून सुरू होते ते लिहिलंय का, तेवढं बघा. आमच्या डीडमध्ये ते नव्हतं. मालकाने नेमकं त्याच्यावर बोट ठेवून आम्हाला उठवलं.

मांद्र्याला रस्त्याच्या कडेला आमची खानावळ होती. डीडवर सह्या झाल्या ६ ऑगस्ट २०१८ ला. त्याची नोंदणी पुढच्या महिन्यात पेडण्याच्या सब-रजिस्ट्रारकडे झाली. मागच्या पडवीचं छप्पर बदलायचं होतं म्हणून ताबा मिळाला १ ऑक्टोबरला आणि भाडंही तेव्हापासूनच सुरू झालं. दर ऑक्टोबरात पाच टक्के वाढ. मालक पावतीवर स्वतः लिहायचा, 'करारवर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर'. मसुदा मात्र त्याच्याच वकिलाचा. त्यात 'पाच वर्षांच्या मुदतीसाठी' एवढंच होतं, आणि वाढीव मुदत हवी असल्यास संपण्याच्या किमान तीन महिने आधी लेखी कळवावं, ही अट.

जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि पेडण्यात जागांचे भाव बदलले. हरमल, मोरजी, मांद्रे, जिथे जाल तिथे दिल्लीच्या गाड्या थांबून घरं बघायच्या. आमच्याही दारात एक-दोनदा थांबल्या. शिगमो झाल्यावर मी पत्र तयार करून मालकाकडे गेलो, तर तो म्हणाला, "अरे, ऑक्टोबराक अजून खूब तेंप आसा. जूनांत दी मरे." वयाने मोठा माणूस, पाच वर्षांचा संबंध, पावत्याही ऑक्टोबरच्याच. जूनमध्ये दिलं.

तो प्रसंग मला नीट आठवतो. बाहेर पाऊस, सोप्यावर बसून त्याने चष्मा लावला, पत्र सावकाश वाचलं आणि आमच्या प्रतीवर सही केली. मी सांगायच्या आत खाली तारीख घातली, ५ जून २०२३. वर म्हणाला, "चवथ जावंदी, मागीर बसया." बायको म्हणाली, भला माणूस, पोचही दिली.

चतुर्थी झाली आणि वकिलाची नोटीस आली. करार ६ ऑगस्टलाच संपला, वाढ मागायची शेवटची तारीख ६ मे, तुमचं पत्र ५ जूनचं, सबब हक्क बुडाला. पुराव्यादाखल त्याने जोडली होती तीच पोच. नंतर कळलं की एका पार्टीशी त्याची बोलणी मार्चपासूनच चालू होती.

आमचा म्हापशाचा वकील नोटीस वाचून पहिल्यांदा काही बोललाच नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं, म्हणजे १८८२ च्या कायद्याचं, ११० वं कलम सांगतं की भाडेपट्ट्यात सुरुवातीचा दिवस दिला नसेल, तर मुदत डीड केल्या दिवसापासून मोजायची. नोंदणी उशिरा झाली म्हणूनही फरक पडत नाही. नोंदणी कायद्याप्रमाणे दस्तऐवज सहीच्या तारखेपासूनच लागू होतो. ताबा आणि भाडं ऑक्टोबरपासून, हा आमचा मुद्दा होता खरा, पण कागद त्याच्या बाजूचा.

नाक्यावरचे जाणकार दोन गोष्टी छातीठोकपणे सांगतात. पहिली, जमिनीच्या व्यवहारात वेळेला एवढं महत्त्व नसतं. हे खरेदी-विक्रीच्या कराराबाबत बऱ्याच अंशी खरं आहे. भाडेपट्टा वाढवून घेण्याचा पर्याय ही निराळी गोष्ट. कलकत्त्याच्या एका जागेवरून कॅल्टेक्स कंपनीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. दहा वर्षांचा पट्टा, दोन महिने आधी कळवायची अट, आणि कंपनीचा अर्ज उशिरा. कोर्टाने १९६८ साली सांगितलं की असा पर्याय ही भाडेकरूला दिलेली खास सवलत असते, त्यामुळे तिची मुदत काटेकोर पाळावी लागते. दुसरी गोष्ट, मालकाने पुढचं भाडं घेतलं म्हणजे करार आपोआप वाढला. नाही वाढत. फार तर तुम्ही महिन्या-महिन्याचे भाडेकरू होता, आणि दुकान-खानावळीच्या बाबतीत असा भाडेकरू पंधरा दिवसांच्या नोटिशीवर निघतो.

त्याच निकालात एक फट आहे. फसवणूक झाली असेल किंवा मालकाच्याच गैरवागणुकीमुळे उशीर झाला असेल, तर कोर्ट दिलासा देऊ शकतं. आम्ही त्यावरच उभे होतो. पण 'जूनांत दी' हे वाक्य सोप्यावरचं, व्हॉट्सॲपवर नाही. साक्षीदार म्हणून त्याची सून, ती कुणाच्या बाजूने बोलणार? हातात उरल्या त्या पावत्या.

नोटिशीत आणखी एक खास गोव्याची पाचर होती. इथल्या पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याप्रमाणे लग्न झालं की साधारणपणे मालमत्ता नवरा-बायकोची निम्मी-निम्मी, म्हणून डीडवर दोघांच्या सह्या होत्या. आमचं पत्र एकट्या त्याच्या नावाचं, सबब तेही सदोष! कोर्टात हे कितपत टिकलं असतं देव जाणे, पण आम्हाला दमवायला पुरेसं होतं.

शेवटी पावत्यांच्या जोरावर तडजोड झाली: मे अखेरपर्यंत, म्हणजे पुरता सीझन धंदा करायचा आणि नव्या छपराचा, ओट्याचा अर्धा खर्च त्याने द्यायचा. वकील म्हणाला लढूया. पेडण्याच्या कोर्टात वर्षं घालवायची आमची ऐपत नव्हती.

आता जागा पार्श्याला. डीडमध्ये मुदत सुरू व्हायची तारीख, संपायची तारीख आणि वाढ मागायची शेवटची तारीख, तिन्ही आकड्यांत आणि अक्षरांत घातल्यात. पत्र दोघा नवरा-बायकोच्या नावाने, पोस्टाने पोच घेऊन, शिवाय व्हॉट्सॲपवर फोटो, हेही कलमात आहे. नव्या मालकाचा वकील कुरकुरला, पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं, एवढं कशाला? तारखा टाइप होऊन आल्यावरच आम्ही टोकनचा चेक फाडला.