अल्युलोजचे पाकीट: चहाला चालेल, औषधाला नाही

हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते अडणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात साखरेच्या भावाच्या कित्येक पट पैसे मोजून दुसरीच साखर विकत आणायची, हे आमच्या घरात कोणालाच पटले नव्हते. तरीही आईचा मधुमेह आणि तिचा दिवसाला चार कप गोड चहा यांचा मेळ काही बसत नव्हता, म्हणून सात रस्ता भागातील एका दुकानातून अल्युलोजचे अर्धा किलोचे पाकीट आणले आणि दोन महिने वापरून पाहिले.

अल्युलोज ही ‘दुर्मिळ शर्करा’ या गटातील एक साखर आहे. अंजिरात, मनुक्यात आणि उसाच्या मळीतसुद्धा ती असते, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या टाक्यांतही ती आहेच. परंतु इतकी थोडी, की वेगळी काढणे परवडत नाही. जपानमधील कागावा विद्यापीठाचे केन इझुमोरी यांना 1990 च्या दशकाच्या आरंभी एका जिवाणूत फ्रुक्टोजपासून अशी साखर घडवणारे एन्झाइम सापडले आणि पुढे ती कारखान्यात तयार होऊ लागली.

चवीबाबत तक्रार नाही. स्टीव्हियासारखा कडवटपणा जिभेवर मागे राहत नाही. गोडी साखरेच्या सुमारे 70 टक्के असल्याने एका चमच्याच्या जागी जवळजवळ दीड चमचा लागतो, हा हिशेब मात्र किमतीच्या वेळी आठवतो. शिऱ्यात ती घातली तेव्हा रंग इतक्या लवकर गडद झाला, की रवा करपला असे वाटून मी गॅस बंद केला. ही शर्करा साध्या साखरेपेक्षा लवकर तांबूस होते, हे नंतर समजले. खरी फजिती संक्रांतीला झाली. गड्ड्याच्या यात्रेसाठी पाहुणे येणार म्हणून शेंगदाण्याची चिक्की केली, ती रात्रभर ठेवूनही घट्ट झाली नाही आणि वडी काही पडेना. शेवटी ताटातून चमच्याने खरवडून खावी लागली. “साखरेचं सोंग आहे हे, पण चहात चालतंय,” हा आईचा निकाल मला मान्य आहे.

माझा आक्षेप पाकिटातील पत्रकाला आहे. त्यात ही शर्करा मधुमेह, लठ्ठपणा आणि कर्करोग या तिन्ही रोगांना रोखते असे एका दमात छापले आहे. यांपैकी मधुमेहाच्या दाव्यात तथ्याचा अंश आहे. स्टार्च आणि साखर यांचे ग्लुकोजमध्ये विघटन करणाऱ्या आतड्यातील एन्झाइमांना अल्युलोज काही प्रमाणात अडवते; अकार्बोज हे मधुमेहाचे औषधही याच वाटेने जाते, फक्त त्याची पकड कितीतरी घट्ट असते. निरोगी व्यक्तींना 75 ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिनसोबत (स्टार्चपासून बनवलेली, चटकन पचणारी भुकटी) 5 ग्रॅम किंवा अधिक अल्युलोज दिल्यावर रक्तातील ग्लुकोज आणि इन्सुलिन यांची वाढ कमी झाल्याचे जपानी अभ्यासात दिसले होते. पण हा परिणाम जेवणासोबत घेतले तरच मिळणार. उपाशीपोटी घेतलेल्या चहात अडवण्यासारखे फारसे काही नसते. तेथे फायदा इतकाच, की साखर पोटात गेली नाही. आणि कडक भाकरी-शेंगाचटणीच्या जेवणात चमचाभर गोड भुकटी कोण कालवणार?

कर्करोगाचा दावा तर सरळ दिशाभूल करणारा आहे. पेशींची वाढ मंदावल्याचे जे प्रयोग सांगितले जातात, ते प्रामुख्याने ‘अलोज’ या वेगळ्या शर्करेचे आहेत. तिच्यामुळे पेशींची वाढ रोखणाऱ्या एका जनुकाचे काम वाढते, असे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत आढळले. या पाकिटात अलोज नाही. नावातील साम्याचा फायदा घेऊन एकीचे श्रेय दुसरीच्या नावावर घालण्याचा हा प्रकार आहे. लठ्ठपणाविषयीचा बराच पुरावा उंदरांवरील प्रयोगांचा आहे, एवढे सांगितले तरी पुरे.

याच गटातील टॅगॅटोज ही शर्करा पिकांवरील डाऊनी या बुरशीसारख्या रोगाच्या जंतूचा साखर वापरण्याचा मार्ग अडवते, असे जपानी संशोधकांनी 2020 मध्ये दाखवले. पंढरपूरकडच्या आमच्या द्राक्ष बागायतदार मामांनी चहापेक्षा हीच गोष्ट अधिक कान देऊन ऐकली.

पाकिटावर ‘शून्य कॅलरी’ असे ठळक अक्षरांत आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या हिशेबाने अल्युलोजची ग्रॅमला 0.4 कॅलरी धरली जाते. साखरेच्या 4 कॅलरींपुढे हे नगण्य आहे, पण शून्य नाही. त्याहून गंभीर त्रुटी म्हणजे प्रमाणाविषयी एक ओळही नाही. एका कोरियन अभ्यासानुसार एका वेळी शरीराच्या दर किलो वजनामागे 0.4 ग्रॅम आणि दिवसभरात 0.9 ग्रॅम ही मर्यादा सुचवली गेली, म्हणजे 60 किलोच्या माणसाला एका वेळी 24 ग्रॅम. मी शिऱ्याच्या दोन वाट्या संपवल्या आणि रात्रभर पोटात गुडगुड व जुलाब सोसले, त्यानंतर हे वाचले. आईच्या ग्लुकोमीटरवरील आकडे थोडे उतरले, तरी तिचे चालणेही त्याच महिन्यात वाढले होते. डॉक्टरांनी गोळ्या तशाच ठेवून नोंदी ठेवायला सांगितल्या आहेत.

पाकीट संपत आले आहे. पुन्हा आणू, पण लहान आणि फक्त आईच्या चहासाठी. पुढच्या संक्रांतीची चिक्की गुळाचीच होईल, आणि आईच्या ताटात एकच वडी मोजून ठेवू.