सांगोल्यातली खानावळ : भाकरी गरम खा, फोटोकडे बघू नका

पंढरपूरवरून परत येताना सांगोल्यात जेवायला थांबलो, स्टँडपासून चालत पाच मिनिटं, नाव टाकत नाही कारण पुढं तक्रार पण करायचीय. टेबलं सहाच. ज्वारीची भाकरी तव्यावरनं थेट ताटात, शेंगाची आमटी, ठेचा, कांदा. आमटी एक नंबर, वर तेल सुटलेलं, दोन वाट्या कधी संपल्या कळलंच नाही.

आता मेन विषय. गल्ल्याच्या वर सांगोल्याचे जुने आमदार गणपतराव देशमुख, म्हणजे आबासाहेब, यांचा फोटो आहे. मी सहज विचारलं की आबासाहेब किती वेळा निवडून आले ओ, झालं, मालक मामा गल्ला सोडून समोर येऊन बसले. 1962 पासून सुरू. 11 वेळा आमदार, ते पण शेकापकडूनच (शेतकरी कामगार पक्ष), बाकी राज्यात पक्ष आटत गेला तरी. 77 ला विरोधी पक्षनेते, 78 ला आणि 99 ला मंत्री, बाकी बहुतेक आयुष्य विरोधी बाकावर. 72 ला पडले ते मामांनी एका वाक्यात उरकलं, पण 95 वर माझी दुसरी भाकरी पार गार झाली. 192 मतं! कुठल्या वाडीवर किती कमी पडली ते मामा अजून बोटावर मोजतात. पाडणारे शहाजीबापू पाटील, तेच ते व्हायरल 'काय झाडी, काय डोंगार'वाले, पण तो विषय इथं काढू नका, मी काढला आणि ताक पंधरा मिनिटं उशिरा आलं.

शेजारचे एक काका पण घुसले मध्ये, आबांची सूतगिरणी, दुष्काळी भागाच्या पाण्यासाठीची आटपाडीची पाणी परिषद, सगळं झालं. एसटीत आमदारांची राखीव सीट असते ना, आम्ही लहानपणी बिनधास्त बसायचो त्यावर, आमदार कोण येतोय म्हणून. काका म्हणे आमच्याकडं खरंच बसलेला असायचा, उठावं लागायचं.

2019 ला आबा उभे नव्हते, नातू 768 मतांनी पडला, तेव्हा मामा दोन दिवस नीट जेवले नाहीत म्हणे. 2024 ला दुसरा नातू बाबासाहेब आला निवडून, मग काय, फोटोला नवीन फ्रेम.

तक्रार म्हणजे शेंगाची चटणी खवट होती, आणि दह्याचे वेगळे पैसे लावले ते आधी सांगितलं नाही. पाचपैकी चार. बस पकडायची असेल तर फोटोकडे पाठ करून बसा.